काळ्या समुद्राचा तळ ठाण्यात बसून वाचायचा कसा

गाळात इतिहास जपलेला असतो, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. पण बहुतेक ठिकाणचा गाळ फारसं काही जपत नाही. ठाणे खाडीवरच्या ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी खाली पाहा. लांबवर चिखलच चिखल दिसतो, पण त्यात काल काय बसलं आणि गेल्या वर्षी काय बसलं, हे वेगळं काढता येत नाही. उधाणाला चार मीटरच्या वर चढणारं पाणी तो दिवसातून दोनदा ढवळतं. निवटे आणि चिंबोऱ्या त्यात बिळं करतात. किडे खालचा गाळ खाऊन वर टाकतात, आणि फ्लेमिंगो तोच पायांनी तुडवून चोचीने गाळून खातात. खाडी जिवंत आहे, म्हणूनच तिच्या चिखलात इतिहासाची पानं टिकत नाहीत.

काळ्या समुद्राच्या तळाशी नेमकं उलट घडतं. तिथे २००० मीटर खोलीवर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ थर हजारो वर्षं जसेच्या तसे आहेत, कारण ते विस्कटणारं तिथे कोणी जगूच शकत नाही. हा फरक घरातल्या बरण्यांमध्ये स्वतः घडवून पाहायचा आणि मग काळ्या समुद्राच्या खऱ्या गाभ्यांचे (तळात पोकळ नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यांचे) फोटो वाचायला घ्यायचे, अशी या लेखाची रीत आहे. आठवी-नववीच्या पुढचं कोणीही हे करू शकेल. सामान स्वयंपाकघरात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. वेळ मात्र दोन ते तीन महिने हवा, आणि त्यात कपात होत नाही.

आधी समुद्राची ओळख

काळा समुद्र चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. भूमध्य समुद्राशी त्याचा संबंध फक्त बॉस्फरसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो, आणि तिचा उंबरठा जेमतेम ३५ मीटर खोल आहे. आत मात्र समुद्र २२०० मीटरपर्यंत खोल जातो. डॅन्यूब, नीपर, नीस्टर या नद्यांचं गोडं पाणी वर पसरतं, तर भूमध्य समुद्राचं खारट, जड पाणी उंबरठ्यावरून खाली घसरतं. वरच्या पाण्यात दर लिटरला साधारण १८ ग्रॅम क्षार असतात आणि खोल पाण्यात २२. हा चार ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो, पण हलकं पाणी जडावर बसून राहायला तो पुरतो. दोन्ही मिसळत नाहीत, त्यामुळे वरचा प्राणवायू खाली पोचत नाही. साधारण १०० ते २०० मीटरच्या खाली तो संपतो आणि तिथून तळापर्यंत पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. समुद्राचं जवळपास नऊ दशांश पाणी असं आहे.

त्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडेही जगत नाहीत. बल्गेरियाच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे दोन किलोमीटर खोलीवर, साधारण २४०० वर्षांपूर्वीचं ग्रीक जहाज डोलकाठी उभी असलेल्या अवस्थेत सापडल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. गाळाचे थर टिकण्यामागेही हेच कारण आहे.

गाळ कुठून आणायचा, आणि कुठून नाही

ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अधिवास २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिवरांची जंगलं कायद्याने संरक्षित आहेत. तिथे परवानगीशिवाय शिरून चिखल उपसू नका, शाळेच्या प्रकल्पासाठीसुद्धा नको. दुसरं कारण आरोग्याचं आहे. या खाडीत अनेक दशकं सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी येत राहिलं आहे. तिच्या गाळात जड धातू आहेत, तो उघड्या हातांनी हाताळण्यासारखा नाही.

खाडी बघायला मात्र जरूर जा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाची बोटफेरी निघते. ओहोटीला उघड्या पडलेल्या काठाकडे नीट पाहा. वर काही मिलिमीटर तपकिरी साय असते आणि तिच्या खाली काळाभोर चिखल. चिंबोरीच्या बिळाच्या कडेनेही तपकिरी गोल दिसतो, कारण बिळातून हवा आत जाते. हा तपकिरी आणि काळ्याचा भेद लक्षात ठेवा. पुढची सगळी निरीक्षणं त्याच्यावर उभी आहेत.

प्रयोगासाठी सर्वांत चांगला गाळ म्हणजे गच्चीवरच्या किंवा बागेतल्या कमळाच्या टाक्याच्या तळाचा. काळसर, थोडा वास येणारा, जुना असला तर उत्तम, कारण त्यात लागणारे जिवाणू आधीच असतात. तो नसेल तर बागेतली माती पाण्यात बुडवून, बादलीवर झाकण ठेवून दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. हातमोजे घाला. जमवलेला गाळ पिठाच्या जुन्या चाळणीतून गाळून खडे, पानं, काड्या काढून टाका. ती चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

पहिली पायरी: बसणं म्हणजे काय

एका उंच बरणीत तीन-चार चमचे माती आणि पाणी घालून जोरात हलवा, मग ठेवून द्या. रेती मिनिटभरात खाली येते. पोयटा बसायला काही तास लागतात. चिकणमातीचे सर्वांत बारीक कण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतात. कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचा बसण्याचा वेग चौथाई होतो. १८५१ मध्ये स्टोक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडलेला हा नियम इथे डोळ्यांना दिसतो.

आता हाच हिशोब काळ्या समुद्राला लावा. मिलिमीटरचा पाचशेवा भाग एवढा एकटा मातीचा कण थंड पाण्यात दिवसाला साधारण पाव मीटर उतरतो. दोन हजार मीटर उतरायला त्याला वीस-पंचवीस वर्षं लागतील. मग तळावर ऋतूंप्रमाणे वेगवेगळे थर कसे बसतील? वीस वर्षांचा गाळ एकत्र मिसळूनच खाली पोचायला हवा. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. उत्तर असं की कण एकटे उतरत नाहीत. वरच्या पाण्यातले सूक्ष्म प्राणी ते गिळतात आणि विष्ठेच्या गोळ्यांतून बाहेर टाकतात. उरलेले कण चिकट सेंद्रिय पुंजक्यांत अडकतात. हे जड पुंजके दिवसाला शंभर मीटर किंवा त्याहूनही अधिक उतरू शकतात, म्हणजे काही आठवड्यांत तळ गाठतात.

पुंजके होण्याचा एक प्रकार घरीच दिसतो. वरच्याच बरणीतलं गढूळ पाणी, रेती खाली सोडून, दोन सारख्या बाटल्यांत ओता. एकीत दर लिटरला २२ ग्रॅम खडे मीठ विरघळवा, दुसरीत काही घालू नका. दोन्ही हलवून शेजारी ठेवा. मिठाची बाटली काही तासांत निवळू लागते, साधी बाटली बराच वेळ गढूळ राहते. मीठ पाण्यात आलं की चिकणमातीच्या कणांमधलं एकमेकांना दूर ढकलणं कमी होतं, ते चिकटतात आणि जड होऊन बसतात. पावसाळ्यात उल्हास नदीचं लाल पाणी खाडीच्या खाऱ्या पाण्याला भेटतं तिथेही हेच होतं. खाड्या गाळाने भरण्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

दुसरी पायरी: थर घाला, मग विस्कटू द्या

काळ्या समुद्रातल्या वरच्या थरांत पांढऱ्या आणि गडद रेघा एकाआड एक दिसतात. पांढरी रेघ एमिलियानिया हक्सलेयी नावाच्या एकपेशीय शेवाळाची. त्याच्या अंगावर चुन्याच्या सूक्ष्म चकत्या असतात, त्यांना कोकोलिथ म्हणतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे शेवाळ इतकं फोफावतं की समुद्र उपग्रहातून फिकट निळा दिसतो. गडद रेघ चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्याची.

आपण कोकोलिथऐवजी पांढरी रांगोळी घेऊ. ती कोकोलिथपेक्षा पुष्कळ भरड असते, पण थर दिसण्यासाठी चालते. दोन सारख्या काचेच्या बरण्यांत तळाशी दोन बोटं टाक्यातला गाळ घाला आणि वर साधं पाणी भरा. या पायरीत मीठ घालायचं नाही. पाणी निवळलं की चमचाभर रांगोळी चहाच्या गाळणीतून हळूहळू भुरभुरा. दुसऱ्या दिवशी थोडं गढूळ मातीचं पाणी चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडा. ते पूर्ण बसेपर्यंत थांबा, मग पुन्हा रांगोळी. घाई केली की थर एकमेकांत शिरतात. अशा सात-आठ जोड्या झाल्या की बरणीच्या काचेवर थरांची जागा मार्करने आखा.

आता एका बरणीत मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून मिळणाऱ्या जिवंत ट्युबिफेक्स किड्यांचा छोटा पुंजका सोडा. लाल, दोऱ्यासारखे हे किडे डोकं खाली खुपसून राहतात, खालचा गाळ खातात आणि शेपटीकडून वर टाकतात. रोज बरणीकडे पाहा. आधी रेघांच्या कडा पुसट होतील, मग रांगोळीचे ठिपके वरखाली दिसू लागतील, आणि काही आठवड्यांत वरच्या थरांचा बराचसा एकसारखा राखाडी लगदा होईल. शेजारच्या बरणीतल्या रेघा तशाच असतील. पहिली बरणी म्हणजे ठाण्याची खाडी, दुसरी काळ्या समुद्राचा तळ. किडे नंतर तलावात सोडू नका. माशांना घाला.

तिसरी पायरी: काळा रंग कसा तयार होतो

ही पायरी सर्वांत लांब आहे आणि मन लावून करण्याची आहे. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वापरलेली ही पद्धत आजही शाळा-महाविद्यालयांत त्याच्याच नावाने चालते.

तीन पारदर्शक बरण्या घ्या, एक ते दोन लिटरच्या. पहिली "तळं", दुसरी "समुद्र, उजेडात", तिसरी "समुद्र, अंधारात". लेबलं आधीच लावा.

समुद्राच्या दोन बरण्यांसाठी गाळाच्या एक चतुर्थांश भागात वर्तमानपत्राच्या एका पानाचे बारीक तुकडे, मोठा चमचा प्लास्टर ऑफ पॅरिस आणि एका अंड्याच्या टरफलाची पूड कालवा. कागद हे जिवाणूंचं अन्न, प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि टरफलातून कार्बोनेट मिळतं. हे मिश्रण दोन्ही बरण्यांच्या तळाशी दाबून भरा. प्लास्टर घट्ट होण्याआधी काम उरका. त्यावर साधा गाळ बरणीच्या तीन चतुर्थांशापर्यंत घाला. बरणी टेबलावर हलकेच आपटत राहा, हवेचे बुडबुडे आत राहू देऊ नका. वर २२ ग्रॅम प्रति लिटरचं मिठाचं पाणी भरा, पण तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. तळ्याच्या बरणीत सगळं असंच करा, फक्त प्लास्टर आणि मीठ वगळा.

तोंडावर पातळ प्लास्टिक ताणून रबर लावा. झाकण घट्ट फिरवू नका, आत वायू साठतो. अंधारातल्या बरणीला काळा कागद गुंडाळा. बाकीच्या दोन खिडकीपाशी उजेडात ठेवा, पण पश्चिमेच्या उन्हात नको. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडच्या काचेच्या खिडक्यांत बरणी इतकी तापते की आतले जिवाणू मरतात. सगळ्या बरण्या बाल्कनीत किंवा खेळती हवा असलेल्या जागी ठेवा. हायड्रोजन सल्फाइड विषारी असतो आणि त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास जाणवणंच बंद होतं. म्हणून बरणीला नाक लावून हुंगायचं नाही. मुलांना हे दोनदा सांगा.

आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, मागे पांढरा कागद धरून फोटो काढा आणि सोबत पट्टी ठेवा. साधारण पहिल्या तीन आठवड्यांत समुद्राच्या बरण्यांत तळाकडून काळेपणा चढू लागेल. तिथला प्राणवायू संपल्यावर काही जिवाणू सल्फेट वापरून श्वसन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. आपल्या मातीत दख्खनच्या बेसॉल्टमुळे लोह भरपूर. दोन्ही मिळून काळं लोह सल्फाइड तयार होतं. खाडीकाठच्या सायीखालचा काळा चिखल याच कारणाने काळा असतो.

उजेडातल्या बरणीत पुढच्या महिना-दोन महिन्यांत हिरवे आणि जांभळे पट्टे उमटू शकतात. हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड आणि प्रकाश, दोन्ही वापरून जगतात. काळ्या समुद्रातही प्राणवायू संपतो त्या पातळीवर त्यांचे भाऊबंद आहेत आणि ते अत्यंत मंद उजेडावर भागवतात. लोकांना ही रंगीत बरणीच आवडते, प्रदर्शनात तिच्यापाशीच गर्दी होते. पण तळाची खरी प्रतिकृती अंधारातली बरणी आहे. दोन किलोमीटर खाली उजेडाचा कणही जात नाही. तिथे फक्त काळा आणि राखाडी.

तळ्याच्या बरणीत काळेपणा कमी येतो, कारण सल्फेट अगदी थोडं असतं. त्याऐवजी बुडबुडे दिसतील. तो बहुधा मिथेन. या बरणीला पुढे मोठा अर्थ येणार आहे, तिच्या नोंदी नीट ठेवा.

काळा रंग पक्का झाला की लांब चमच्याने थोडा गाळ पांढऱ्या बशीत काढा आणि उघडा ठेवा. काही तासांत तो तपकिरी-राखाडी होऊ लागेल, कारण हवेतल्या प्राणवायूने सल्फाइडचं पुन्हा ऑक्सिडेशन होतं. जहाजावर गाळाचा गाभा चिरल्याबरोबर फोटो आणि रंगाची नोंद का करतात, ते इथे समजतं.

चौथी पायरी: खरा गाभा वाचणं

बरण्या पिकत असताना खऱ्या गाभ्यांकडे वळा. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या अटलांटिस २ जहाजाने काळ्या समुद्रात गाभे घेतले. डेव्हिड रॉस आणि एगॉन डेगेन्स यांनी त्यावरून वरच्या गाळाचे तीन मोठे थर ठरवले, त्यांना एककं म्हणतात. आजही सगळे तेच वापरतात. १९७५ मध्ये ग्लोमार चॅलेंजर जहाजाने ३७९, ३८० आणि ३८१ या तीन जागी खोल छिद्रं पाडली, ३८० मध्ये तर तळाखाली हजार मीटरहून खोल. त्या मोहिमेचे अहवाल इंटरनेटवर मोफत मिळतात. "डीएसडीपी लेग ४२" (डीप सी ड्रिलिंग प्रोजेक्टची ४२वी मोहीम) असं शोधा.

फोटो वरून खाली वाचायचा, म्हणजे आजपासून भूतकाळाकडे. सर्वांत वर साधारण ३० सेंटिमीटर पहिलं एकक. बारीक पांढऱ्या-गडद रेघा, कोकोलिथने भरलेलं. त्याखाली साधारण ४० सेंटिमीटर दुसरं एकक, सॅप्रोपेल. गडद, जेलीसारखं, सेंद्रिय द्रव्याने ओतप्रोत. काही ठिकाणी सेंद्रिय कार्बन वीस टक्क्यांपर्यंत जातो. त्याखाली तिसरं एकक, फिकट राखाडी मातीचं, सेंद्रिय द्रव्य अगदी कमी. हा तळ्याचा गाळ. हिमयुगात जगभरच्या समुद्रांची पातळी खाली गेली, बॉस्फरसचा उंबरठा कोरडा पडला, आणि काळा समुद्र गोड्या पाण्याचं प्रचंड तळं झाला होता. नंतर पातळी चढली, भूमध्य समुद्राचं पाणी आत आलं, त्याबरोबर मीठ आलं आणि सल्फेट आलं. ते पाणी हळूहळू आलं की १९९७ मध्ये रायन आणि पिटमन या भूवैज्ञानिकांनी मांडल्याप्रमाणे प्रलयासारखं एकदम, यावर अजून वाद आहे.

आता तळ्याची आणि समुद्राची अंधारातली बरणी शेजारी ठेवा. तिसऱ्या एककाकडून दुसऱ्याकडे जाणारा बदल तुमच्यासमोर आहे. आणखी एक बारकावा: तिसऱ्या एककाच्या वरच्या भागात काही काळे पट्टे दिसतात. ते तळ्याच्या काळातले नाहीत. समुद्र झाल्यावर वरून झिरपलेल्या सल्फाइडने जुना गाळ नंतर काळा केला. म्हणून काळा रंग दिसला की त्या थराच्या काळातच पाणी प्राणवायूविना होतं असा निष्कर्ष लगेच काढू नका. रंग गाळाच्या वयाहून तरुण असू शकतो.

पुढे दर काढा. रॉस आणि डेगेन्स यांच्या सुरुवातीच्या कालमापनात पहिल्या एककाचा तळ सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्याचा सुमारे ७००० वर्षांपूर्वीचा धरला होता. ३० सेंटिमीटरला ३००० वर्षं, म्हणजे वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग. दुसऱ्या एककातही ४० सेंटिमीटरला ४००० वर्षं, दर तोच. हे आकडे पुढे बदलले, कारण रेघा मोजून येणारं वय आणि किरणोत्सारी कार्बन मोजून काढलेलं वय जुळत नव्हतं. कार्बन पद्धतीत नद्यांनी वाहून आणलेलं जुनं द्रव्य मिसळलं तर वय जास्त दिसतं. रेघ मोजताना दर रेघ-जोडी म्हणजे एक वर्ष हे गृहीतच असतं. तुमच्या रांगोळीच्या बरणीत किती जोड्या घातल्या ते न सांगता एखाद्या मित्राला मोजायला द्या. मग कळेल हे मोजणं किती अवघड असतं.

मोजताना एक सापळा टाळायचा. रेघांच्या मध्येच कधी जाड, एकसारखा, रेघ नसलेला राखाडी पट्टा दिसतो. उतारावरचा गाळ घसरून, पाण्यातून ढगासारखा वाहत येऊन तिथे बसलेला असतो, त्याला टर्बिडाइट म्हणतात. तो काही तासांत किंवा दिवसांत बसतो. त्याची जाडी हिशोबातून वजा करा, नाहीतर शेकडो वर्षं उगाच वाढतील.

चुंबक

वाळवून चुरलेल्या गाळावरून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला शक्तिशाली चुंबक फिरवा. पिशवीला काळे कण चिकटतील. आपल्याकडे ते बहुतांशी बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट असतं. काळ्या समुद्राच्या गाळात याशिवाय ग्रेगाइट हे चुंबकीय लोह सल्फाइड तिथेच तयार होतं. गाळाच्या चुंबकत्वावरून त्याचा उगम आणि वय शोधण्याचं शास्त्र आपल्या अगदी जवळ चालतं. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. शाळेने रीतसर पत्र लिहून भेटीसाठी विचारावं.

शेवटी बरण्यांचं काय करायचं

तीन महिन्यांनी बरण्या मोकळ्या हवेत, गच्चीवर उघडा, चेहरा दूर ठेवून. वरचं पाणी भरपूर साध्या पाण्यात मिसळून संडासात ओता. खाडीत, तलावात किंवा गटारात नको. गाळ जुन्या ट्रेमध्ये पसरून आठवडाभर उन्हात वाळू द्या. काळा रंग आणि वास दोन्ही जातील. मीठ असलेला गाळ कुंड्यांत घालू नका, झाडं जळतात. तो पिशवीत भरून सुक्या कचऱ्यात द्या. तळ्याच्या बरणीतला गाळ मात्र फुलझाडांना चालतो, भाजीच्या कुंडीत नको. थोडा ओला काळा गाळ एका छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण सैल लावून, सावलीत राखून ठेवा. पुढच्या खेपेला नव्या गाळात तो चमचाभर विरजणासारखा घातला की काळेपणा बराच लवकर येतो.